अमरावती रोडवरचा तर्री पोहा, कॅम्पसवाल्यांसाठी

एमएस्सीची दोन वर्षं मी या ठेल्यावर काढली, वर्गात जरा कमी. नागपूर विद्यापीठ १९२३ चं, त्याच्यापुढे ठेला म्हणजे पोरगंच. पण सकाळी साडेसातला गर्दी इथेच.

पोहे मोकळे. तर्री काळ्या चण्याची, वर लाल तवंग, कच्चा कांदा आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर. (पुण्याच्या रूममेटनं तो इडलीसोबतचा समजून वेगळी वाटी मागितली होती.) "भाऊ, तर्री मारा ना अजून" म्हटलं की पळी परत येते, पैसे वाढत नाहीत. बसायला काही नाही, गाडीच्या सीटवर प्लेट ठेवायची. नऊनंतर गेलात तर नुसतं पाणी. प्रॅक्टिकलच्या दिवशी जपून खा: माझ्या जर्नलवर तर्रीचा डाग अजून आहे, सरांची सही त्याच्यावरच.