भंगारातल्या बिडाची बॅकप्लेट, फेसप्लेट आणि स्टेडी: काही महिने वापरल्यानंतर

घरी केलेली लेथची बॅकप्लेट (स्पिंडलवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर बसणारी तबकडी; तिच्यावर जॉब धरणारा चक बसतो) टिकणार की नाही, हे भंगार निवडतानाच ठरतं. जुनी पुली, ब्रेक ड्रम, ब्रेक डिस्क सहसा करड्या बिडाची असते आणि एकसारखी कापली जाते. व्यायामाची वजनं जाडजूड म्हणून मोह होतो, पण त्यांचा भरवसा नाही. ओतीव लवकर थंड झालं की पातळ कडा पांढऱ्या, फार कडक बिडाच्या होतात आणि टूलचं टोकच उडतं. म्हणून आधी ग्राइंडरने कोपऱ्यावरची साल (ओतीवाचा बाहेरचा थर) काढून कानस फिरवा. कानस घसरली तर तुकडा सोडून द्या. हातोडीचा हलका ठोका मारल्यावर आवाज बद्द आला तर चीर असू शकते. रॉकेल लावून, पुसून, वर खडू फासला की चिरेची रेघ उमटते.

पहिला कट भित्रा नको. सालीत वाळू असते आणि पाव मिलिमीटरचा कट तिच्यावरच घासत बसतो. दीड-दोन मिलिमीटर घेऊन थेट सालीखाली जा. २०० मिमी व्यासाला कार्बाइडने मिनिटाला ९५ फेरे, हायस्पीड स्टीलच्या टूलने ३०च्या आसपास. कापायचं कोरडंच.

बॅकप्लेटला मधोमध जाड बॉस (उंचवटा) लागतो, त्यामुळे इथे पुलीच खरी. सगळीकडे एक मिलिमीटर जादा ठेवून रफ करा, मग काही दिवस तसंच पडू द्या. साल निघाल्यावर आतला ताण मोकळा होतो आणि जॉब थोडा वाकतो. मग बोअर (मधलं भोक) आणि त्यात स्पिंडलचे आटे. चकची बैठक आणि शेवटचं फेसिंग (तोंड सपाट करणं) मात्र प्लेट त्याच लेथच्या स्पिंडलवर चढवूनच करायचं, आटे पाडल्यावर न उतरवता केलं तरी चालत नाही. अशी केलेली प्लेट आजही डायल गेजवर मिलिमीटरच्या दोन शतांशांच्या आत फिरते. चक कितीदा काढला-चढवला तरी त्यात फरक पडलेला नाही, आणि मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

एम१० बोल्टला ८.५ चं भोक आणि निदान १५ मिमी आटे हवेत. बिडाचे आटे उथळ ठेवले तर भुगा होऊन निघतात. सपाट ब्रेक डिस्क साधारण १० मिमी जाड, तिला आरपार बोल्टच द्या. तिची डिव्हायडिंग प्लेट (वर्तुळाचे समान भाग पाडायची भोकांची तबकडी) उत्तम होते. फेसप्लेटही (जिच्यावर जॉब थेट बोल्टने आवळतात) पुलीचीच बरी, फक्त अनोळखी बिडावर जास्त वेग टाळा.

स्टेडीची (लांब जॉबला मध्ये आधार देणाऱ्या साधनाची) बिडाची रिंग कंपनं छान शोषते, पण बिजागरीचे कान ओढीत तुटतात. तेवढे पोलादी करून बोल्टने जोडा, बोटांना पितळेची टोकं द्या. क्लँप बिडाचे करूच नका.

काळा चुरा तेलात मिसळला की लेथचा बेड (ज्यावर सगळं सरकतं तो पाया) घासणारी पेस्ट तयार होते. काम सुरू करण्याआधी बेड पुसून झाका, तोंडाला मास्क लावा, आणि नंतर चुरा व्हॅक्यूमने ओढा. हवा मारली तर तो थेट सॅडलखाली (बेडवर सरकणाऱ्या भागाखाली) जातो.