ब्लॉगमधून कमाई: ब्लॉगर, सबस्टॅक की वर्डप्रेसचं कुटुंब?

ब्लॉगमधून पैसे मिळवायचे तर एका साधनावर भागत नाही. लिहायला जागा हवी, वाचकांना इमेल पाठवायची सोय हवी, जाहिराती हव्यात, वर्गणी किंवा ई-पुस्तकाचे पैसे घेता यायला हवेत, आणि एकीकडे पैसे भरले की दुसरीकडे लेख आपोआप उघडायला हवा. असे जोडलेले संच निवडताना बहुतेक जण सोयींची यादी पाहतात. मी सांगेन, आधी तुमचा वाचक पैसे कशाने देतो ते पाहा. मराठी ब्लॉगचा निम्मा निर्णय तिथेच होतो.

ब्लॉगर आणि अ‍ॅडसेन्स

गुगलने २००३ मध्ये ब्लॉगर ही ब्लॉगसेवा विकत घेतली आणि जाहिराती दाखवणारं अ‍ॅडसेन्सही त्याच वर्षी आणलं. होस्टिंगचा, म्हणजे साइट ठेवायच्या जागेचा, खर्च नाही, जाहिराती लावणं सोपं. हिंदीला अ‍ॅडसेन्सची मान्यता २०१४ मध्ये मिळाली, मराठीला त्यानंतर काही वर्षांनी. पण १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे हातात येत नाहीत, आणि मराठी पानावरच्या जाहिरातीला इंग्रजीच्या मानाने भाव कमी. त्यामुळे वाचक भरपूर असतील तरच इथे काही हाती लागतं. वर्गणी घ्यायची सोय तर नाहीच.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. ब्लॉगरवर इमेलने लेख मिळवण्याची सोय गुगलच्याच फीडबर्नर सेवेवर चालायची. जुलै २०२१ मध्ये गुगलने ती बंद केली. ज्यांनी पत्त्यांची यादी वेळेत उतरवून घेतली त्यांचे वाचक टिकले, बाकीच्यांना पुन्हा पहिल्यापासून गोळा करावे लागले.

सबस्टॅक आणि घोस्ट

नुसतं लिहायचं आणि वर्गणी घ्यायची असेल तर सबस्टॅकइतकं सुटसुटीत दुसरं काही नाही. लेख, इमेल, वर्गणी सगळं एकाच छताखाली. कंपनी वर्गणीतून १० टक्के घेते, शिवाय पैसे गोळा करून देणाऱ्या स्ट्राइप कंपनीचं शुल्क वेगळं. ५०० रुपयांच्या वर्गणीतले ५० रुपये तिथेच गेले. वाचकांची यादी मात्र बाहेर नेता येते, ही मोठी जमेची बाजू. तशीच दुसरी सेवा घोस्ट, ती वर्गणीतून काहीच कापत नाही. ती ना-नफा संस्था आहे, पण होस्टिंगचे पैसे तुम्ही भरायचे.

अडचण दोघांचीही एकच: वर्गणीची सगळी मदार स्ट्राइपवर. आणि भारतात स्ट्राइपने मे २०२४ पासून नवीन खाती फक्त निमंत्रणाने द्यायला सुरुवात केली. म्हणजे न्यू जर्सी किंवा सिंगापूरला बसून मराठीत लिहिणाऱ्याला सबस्टॅक उत्तम. सांगलीतून लिहिणाऱ्याला मात्र वर्गणी सुरू करतानाच खीळ बसू शकते.

वर्डप्रेसचं कुटुंब

वर्डप्रेस डॉट कॉम चालवणारी ऑटोमॅटिक ही कंपनी २००५ ची. २०११ मध्ये तिने जेटपॅक आणलं: आकडेवारी, बॅकअप, इमेल, समाजमाध्यमांवर आपोआप पोस्ट. २०१५ मध्ये वर्डप्रेसवर दुकान मांडून देणारं वूकॉमर्स विकत घेतलं आणि दुकानही घरात आलं. एकाच लॉगिनमध्ये बरंच काही जुळतं. पण पैशांपाशी हे कुटुंबही भारतात अडखळतं. त्यांची स्वतःची वूपेमेंट्स सेवा इथे चालत नाही, आणि वर्डप्रेस डॉट कॉमवरची वर्गणीची सोय पुन्हा स्ट्राइपचीच.

तरीही माझं मत याच बाजूला झुकतं, कारण वूकॉमर्स मुक्त स्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड कुणालाही बदलता येतो. जो भाग इथे चालत नाही तो काढून रेझरपे या भारतीय पेमेंट कंपनीचं प्लगइन, म्हणजे वरून जोडायचा भाग, बसवता येतं आणि यूपीआय सुरू होतं. साधारण दर २ टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी. ५०० रुपयांवर ११ रुपये ८० पैसे गेले, उरलेले तुमचे. सबस्टॅकमध्ये ही अशी अदलाबदल करता येत नाही.

हा जोड कसा चालतो ते नीट समजून घ्या, कारण कटकट होते ती इथेच. वाचकाने क्यूआर स्कॅन करून पैसे भरले की गेटवे, म्हणजे इथे रेझरपे, तुमच्या साइटला वेबहुक पाठवतो, म्हणजे ‘पैसे आले’ असा निरोप. तो मिळाला की ऑर्डर ‘पेंडिंग’वरून पुढे सरकते आणि वाचकाला दुवा जातो. सुरक्षेच्या एखाद्या प्लगइनने हा निरोप अडवला तर पैसे कापले जातात, ऑर्डर जागची हलत नाही, आणि वाचकाचा व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट येतो. दुसरी खबरदारी इमेलची. स्वस्त होस्टिंगवरून थेट पाठवलेली इमेल बऱ्याचदा स्पॅममध्ये जाते, म्हणून ते काम वेगळ्या मेल सेवेकडे द्या आणि डोमेनवर एसपीएफ व डीकेआयएम, म्हणजे इमेल खरोखर तुमच्याकडूनच आली हे पटवणाऱ्या नोंदी, लावून घ्या.

दरमहा आपोआप कापली जाणारी वर्गणी ठेवायची का? माझा सल्ला, सुरुवातीला नको. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्डावरच्या अशा कपातीसाठी आधी मंजुरी आणि दर वेळी पूर्वसूचना लागते. यूपीआय ऑटोपे आहे, पण ते जुळवायला आणखी खटपट. मराठी वाचकाला वार्षिक वर्गणी मासिकांपासून ओळखीची आहे. वर्षाचे पैसे एकदाच घ्या, दिवाळीच्या सुमाराला डिजिटल अंक वेगळा विका. वूकॉमर्समध्ये डाउनलोडचं उत्पादन म्हणून तो दहा मिनिटांत लावता येतो.

लिखाण नियमित नसेल, किंवा अपडेट आणि बॅकअप बघायला कुणी नसेल, तर वर्डप्रेसच्या मागे लागू नका. ब्लॉगरवरच राहा, फक्त वाचकांचे इमेल पत्ते वेगळ्या सेवेत जमवायला आजपासून लागा. वर्डप्रेस निवडलंत तर वर्गणी जाहीर करण्याआधी स्वतः १ रुपयाची ऑर्डर द्या, एकदा यूपीआयने, एकदा कार्डाने, आणि दोन्ही वेळा इमेल इनबॉक्समध्ये आली का ते पाहा.