काजळीतून नॅनोट्यूब धुण्यासाठी टेबलावरचा सेंट्रिफ्यूज: एक हिवाळा, एक उन्हाळा वापरल्यावर

नागपुरातल्या आमच्या प्रयोगशाळेत आर्कच्या (विजेच्या ठिणगीने ग्रॅफाइटची वाफ करून मिळणाऱ्या) काजळीतून कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, काढण्यासाठी मी गेले काही महिने टेबलावरचा साधा सेंट्रिफ्यूज (गरगर फिरवून गाळ तळाशी बसवणारं मशीन) वापरतेय. कूलिंग नाही, तिरप्या खाचांचा अ‍ॅल्युमिनियम रोटर, जोर सुमारे १०,००० जीपर्यंत, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तितक्या पट. धुलाईसाठी तो फिल्टरपेक्षा कितीतरी सरस आहे. मात्र त्याच्याकडून प्रतवारीची, म्हणजे नळ्यांचे प्रकार वेगळे करण्याची, अपेक्षा ठेवू नका.

आमची काजळी निकेल-यिट्रियम भरलेल्या ग्रॅफाइटच्या कांड्यांची. तिच्यात सिंगल-वॉल (एकपदरी भिंतीच्या) नळ्यांबरोबर अमॉर्फस (निश्चित रचना नसलेला) कार्बन, ग्रॅफाइटचे कण, थोडं फुलरीन (कार्बनचे पोकळ गोलाकार रेणू) आणि कार्बनच्या कवचात अडकलेला धातू असतो. फुलरीन टोल्युइनमध्ये निघतं. मग हवेत ३५० ते ४०० अंशांवर सावकाश भाजायचं. अमॉर्फस कार्बन आधी जळतो, शिवाय आतल्या धातूचा ऑक्साइड होताना तो फुगतो, कवच तडकतं आणि हायड्रोक्लोरिक आम्लाला आत वाट मिळते. नायट्रिकमध्ये उकळूनही धातू जातो, पण जास्त वेळ ठेवलं तर आम्ल नळ्यांच्या भिंतीच खातं. म्हणून नायट्रिक मी अगदी थोडा वेळच देते.

खरी परीक्षा यानंतरच्या धुण्यात. सगळं थेट ०.४५ मायक्रॉन छिद्रांच्या पीटीएफई (टेफ्लॉन) मेम्ब्रेनवर, म्हणजे गाळणीच्या पातळ पडद्यावर, ओतलं तर वर काळी साय धरते आणि पंप कितीही ओढो, थेंब पडायला मिनिटं लागतात. सेंट्रिफ्यूजमध्ये पहिल्या फेरीनंतर तळाशी काळा गाळ आणि वर निकेलचं हिरवट, नितळ पाणी दिसतं. ते पिपेटने काढायचं. सेंट्रिफ्यूजची नळी कलती केली तर तिरप्या रोटरमधला मऊ गाळ घसरून येतो. पुढच्या फेऱ्यांत पाणी रंगहीन होतं, मग चहासारखं आणि शेवटी काळंच. नवखे इथे घाबरतात, मशीन बिघडलं असं वाटतं. बिघडलेलं काहीच नसतं. आम्ल कमी होऊन पीएच वर चढला की नॅनोट्यूबच्या भिंतींवरचे (आम्लाने तयार झालेले) कार्बॉक्सिल गट ऋणभारित होतात, नळ्या एकमेकींना दूर सारतात आणि खाली बसत नाहीत. त्या काळ्या पाण्यात तुमचा माल आहे, ते फेकू नका. इथून पुढे मेम्ब्रेन घ्या. आता द्रवातून आम्ल आणि धातू धुऊन गेलेले असल्याने गाळणं बरंच सोपं जातं आणि वाळल्यावर नळ्यांचा पातळ कागद अलगद सुटतो.

साबणासारख्या सर्फॅक्टंटमध्ये हिशोब नेमका उलटा: जड ग्रॅफाइट आणि धातूचे गोळे तळाशी जातात, नळ्या वर राहतात. एसडीएस (सोडियम डोडेसिल सल्फेट) हा सर्फॅक्टंट वापरणाऱ्यांनी आपली हवा लक्षात घ्यावी. डिसेंबरच्या सकाळी खोली गार असली की द्रावणात पांढरे स्फटिक धरतात. सोडियम कोलेट या दुसऱ्या सर्फॅक्टंटला हा त्रास नाही. मे महिन्यात उलट, लागोपाठ फेऱ्या केल्या की सेंट्रिफ्यूजच्या नळ्या हाताला चांगल्याच गरम लागतात, म्हणून मधे झाकण उघडून थांबावं लागतं. आणि वाळलेला माल तोलताना कूलर बंद ठेवा. तो इतका हलका असतो की झोताबरोबर उडतो, आणि श्वासात जाऊ नये अशी वस्तू आहे.

धातूसारखी वीज वाहणाऱ्या आणि अर्धवाहक नॅनोट्यूब वेगळ्या करायच्या असतील तर हे मशीन पुरत नाही. २००६ मध्ये अमेरिकेतले संशोधक मार्क हर्सम यांच्या गटाने घनतेच्या थरांमध्ये ते वेगळं करून दाखवलं, पण त्याला लाखाच्या वर जी देणारा अल्ट्रासेंट्रिफ्यूज लागतो.

शुद्धता टीजीएवर (नमुना तापवत त्याचं वजन मोजणाऱ्या यंत्रावर) पाहत असाल तर उरलेली राख ऑक्साइडची असते, तिचं वजन मूळ धातूपेक्षा जास्त भरतं. तेवढं वजा करूनच आकडा लिहा.

मशीनबद्दल तक्रार एकच, पण गंभीर. अ‍ॅल्युमिनियम रोटरला आम्ल सोसत नाही. सेंट्रिफ्यूजच्या नळीचं टोपण किंचित सैल राहिलं तरी खाचेत पांढरट डाग पडतात, आणि खड्डे पडलेला रोटर पूर्ण वेगाने फिरवणं धोक्याचं. माहितीपत्रकात याचा उल्लेखही नाही. दर वापरानंतर खाचा पाण्याने पुसून कोरड्या करा, रोटर उलटा ठेवा, आणि घेतानाच झाकणाची जास्तीची ओ-रिंग मागवा.