लेहहून संध्याकाळी पाचचं विमान : तिकिटाच्या फसवणुकीचा आमचा अनुभव

लेहची तिकिटं एजंटकडून काढली असतील तर आधी त्यावरची वेळ बघा. लेहचा विमानतळ साधारण 3,250 मीटर उंचीवर आहे, चहूबाजूंनी डोंगर. ऊन चढलं की तिथली मुळातली विरळ हवा आणखी विरळ होते आणि दुपारनंतर खोऱ्यात वारा सुटतो. त्यामुळे विमानांची ये-जा मुख्यतः सकाळच्या वेळात उरकते. आमच्या परतीच्या तिकिटावर लेहहून सुटण्याची वेळ छापली होती 17:10.

हे लक्षात आलं ते लेहमधल्या होमस्टेच्या मालकीणबाईंच्या. गाडी कधी पाठवायची हे ठरवायला त्यांनी तिकिटं मागवली आणि लगेच फोन केला. ‘‘शाम को पाँच बजे? इतनी देर से तो यहाँ से जहाज़ नहीं उड़ता, मैडम.’’

आई-बाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं होत होती, म्हणून जूनमध्ये आम्ही चौघांनी जायचं ठरवलं होतं. एजंट नात्यातल्या एकांनी सुचवलेला. शहरात ऑफिस, भिंतीवर टूरचे फोटो, बोलायला अगदी घरच्यासारखा. मुंबई-दिल्ली-लेह, जाऊन-येऊन चौघांचे 1,12,000 रुपये. वेबसाइटवरच्या भावापेक्षा थोडेच कमी. भाव निम्मा सांगितला असता तर कुणीही सावध झालं असतं, आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं. ‘‘ग्रुप फेअर आहे ताई, सीट ब्लॉक करून ठेवल्यात. आज पैसे आले नाहीत तर दुसऱ्याला जातील.’’ जूनमध्ये लेहच्या सीट खरोखरच पटापट भरतात, त्यामुळे ही घाई खोटी वाटत नाही. पैसे मात्र फर्मच्या खात्यावर न घेता एका व्यक्तीच्या नावावरच्या यूपीआयवर मागवले. कारण दिलं, जीएसटी वाचेल.

जाण्याची तिकिटं सुरुवातीला खरी होती. विमान कंपनीच्या वेबसाइटवर पीएनआर आणि आडनाव टाकलं तेव्हा चौघांची नावं नीट दिसली. खरी मेख पुढे आहे, ती प्रत्येकाने समजून घ्यावी. बुकिंगमध्ये संपर्काचा मोबाइल आणि ईमेल त्याने स्वतःचा टाकला होता. एप्रिलमध्ये त्याने ती तिकिटं रद्द केली. रद्द झाल्याचा मेसेज त्यालाच गेला आणि दंड कापून उरलेली रक्कम एजन्सीच्या खात्यात जमा झाली. आमच्याकडे राहिली ती नुसती पीडीएफ. परतीचं तिकीट तर कधी काढलंच नव्हतं, जुन्या कुठल्यातरी तिकिटावर नावं, तारीख, वेळ चिकटवलेली. नीट पाहिलं तर चौघांच्या नावांपुढे एकच ई-तिकीट क्रमांक होता. ई-तिकिटाचा 13 अंकी क्रमांक असतो आणि तो प्रत्येक प्रवाशाचा वेगळा.

मालकीणबाईंच्या फोननंतर पुन्हा पीएनआर टाकला, तर ‘रद्द’. एजंटला विचारलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, ‘‘लेहला हवामान खराब आहे, कंपनीनेच फ्लाइट काढून टाकली. रिफंडला वेळ लागतो.’’ या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. लेहची विमानं हवामानामुळे रद्द होतात हे खरं आहे, आणि त्याच खऱ्या गोष्टीच्या आडून तो महिनोन्महिने लोकांना थोपवत होता. पण हवामान त्या दिवसाचं विमान थांबवतं, चार आठवड्यांनंतरचं नाही. कंपनीच्या हेल्पलाइनवर कळलं की विमान वेळापत्रकात होतं आणि तिकिटं एजंटकडूनच रद्द झाली होती.

मग त्याने मनालीहून गाडीने पाठवतो म्हणून सांगितलं. त्या रस्त्यावर बारालाचा ला आणि 5,300 मीटरच्या वरचा तांगलांग ला या उंच खिंडी लागतात. माझ्या बाबांना रक्तदाबाचा त्रास आहे, हे त्याला पहिल्या भेटीतच सांगितलं होतं. तरीही त्याने हा पर्याय पुढे केला.

पैशांचं सांगते. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, पण पैसे जाऊन काही महिने झाले होते. ताजा व्यवहार असेल तर ही हेल्पलाइन समोरच्या खात्यातली रक्कम गोठवू शकते, म्हणून संशय येताच फोन करावा. आम्ही पोलिसांत लेखी तक्रार दिली, सोबत यूपीआयच्या पावत्या, व्हॉट्सअॅपवरचं सगळं बोलणं आणि तिकिटं रद्द झाल्याचा कंपनीचा ईमेल जोडला. त्यानंतर त्याने 40,000 परत केले, बाकी अजून अडकलेत. डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणारी सरकारी संस्था, तिच्या नियमानुसार एजंटमार्फत घेतलेल्या तिकिटाच्या परताव्याची जबाबदारी विमान कंपनीची असते. ‘आम्ही एजंटला दिले’ एवढ्यावर कंपनीला सोडू नये असं माझं ठाम मत आहे, आणि 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तीही तक्रार नोंदवली आहे.

पोलीस ठाण्यात त्याच एजंटकडून काश्मीरची तिकिटं घेतलेलं एक कुटुंब भेटलं. त्यांचंही ‘हवामान’च खराब होतं.

तुमच्या घरात कुणी उन्हाळ्यात लेहला, श्रीनगरला निघालं असेल तर पीएनआर एकदा पाहून थांबू नका, निघेपर्यंत दर आठवड्याला बघा. बुकिंगमध्ये संपर्काचा नंबर कुणाचा आहे ते कंपनीला फोन करून विचारा आणि स्वतःचा घालून घ्या. एजंट नको म्हणाला तर त्याच दिवशी पैसे परत मागा.