टपावरची पेटी, डिकीतले ड्रॉवर की मागचे कॅरियर? मोठ्या एसयूव्हीत सामानासाठी जागा शोधताना

सात आसनांची एसयूव्ही बाहेरून कितीही ऐसपैस दिसली, तरी तिसऱ्या रांगेत माणसे बसली की डिकीत दोन-तीन बॅगांपलीकडे फारसे काही मावत नाही. तंबू, झोपण्याच्या पिशव्या, स्वयंपाकाची पेटी, दोर आणि अवजारे घेऊन निघणाऱ्याला ही अडचण पहिल्याच प्रवासात कळते. जागेचा प्रश्न सोडवण्याचे प्रमुख मार्ग तीन आहेत : टपावर बंद पेटी किंवा उघडे रॅक बसवणे, डिकीत ड्रॉवर बसवणे आणि टो हिचवर (ट्रेलर ओढण्यासाठी गाडीच्या मागे असलेल्या जोडावर) कॅरियर लावणे. यांपैकी एक निवडताना बहुतेक जण लिटरांची तुलना करतात. माझ्या मते सुरुवात किलोंपासून करावी.

गाडीच्या कमाल अनुमत वजनातून तिचे स्वतःचे वजन वजा केले की जी वहनक्षमता उरते, तिच्यात माणसे, सामान आणि ते ठेवण्यासाठी बसवलेली सगळी सामग्री मोजावी लागते. समजा ही क्षमता ६०० किलो आहे. प्रत्येकी ७५ किलोची सात माणसे बसली की ५२५ किलो संपले आणि उरले केवळ ७५. त्याच गाडीतून चौघे निघाले तर ३०० किलो शिल्लक राहतात. म्हणजे गाडी एकच असली, तरी सात जणांच्या कुटुंबाला आणि चौघा मित्रांना वेगवेगळा सल्ला द्यावा लागतो.

टपावरच्या बंद पेटीचे आकर्षण उघड आहे. साधारण ३०० ते ६०० लिटर जागा मिळते, आतले एकही आसन जात नाही आणि गरज संपली की पेटी उतरवून ठेवता येते. मात्र चालत्या गाडीच्या टपावर किती भार चालेल याची मर्यादा अनेक गाड्यांत ७५ ते १०० किलोंच्या आसपास असते, आणि त्यात आडव्या दांड्यांचे व रिकाम्या पेटीचेही वजन धरलेले असते. पेटी २० किलोची आणि दांड्या ६ किलोंच्या असतील, तर १०० किलोंच्या मर्यादेतून सामानासाठी ७४ किलोच उरतात. शिवाय टप, दांड्या आणि पेटी या तिन्हींच्या मर्यादा वेगळ्या असतात व त्यांतली सर्वांत कमी असेल तीच पाळावी लागते. उभ्या गाडीच्या टपाला याहून बराच जास्त भार पेलतो, म्हणून टपावरच्या तंबूत माणसे झोपू शकतात. पण तो आकडा प्रवासातल्या सामानासाठी वापरणे ही घातक चूक ठरते. उंचीवर ठेवलेल्या वजनाने गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि वळणावर ती अधिक कलते. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ताशी ८० ऐवजी ११० किलोमीटरने गेल्यास तो जवळपास १.९ पट होतो, आणि पेटी लावलेल्या गाडीत त्याचा परिणाम इंधनाच्या काट्यावर लवकर दिसतो. पेटीसकट गाडीची एकूण उंची कागदावर लिहून चालकाच्या समोर चिकटवावी. तळघरातल्या पार्किंगच्या तोंडाशी ती नेमकी आठवत नाही. तात्पर्य, टप हा हलक्या पण जागा खाणाऱ्या वस्तूंचा : झोपण्याच्या पिशव्या, गाद्या, घडीच्या खुर्च्या.

ड्रॉवरचे गणित याच्या उलट आहे. ते नवी जागा निर्माण करत नाहीत, उलट डिकीची साधारण २५ ते ३० सेंटिमीटर उंची घेतात; तरीही ज्याचे साहित्य जड, लहान-लहान आणि वारंवार लागणारे आहे, त्याला मी हाच पर्याय सुचवेन. सैल सामानाचा ढीग रचला की वरची बरीच जागा वाया जाते आणि तळातली वस्तू काढायला सगळा ढीग उपसावा लागतो. ड्रॉवरमध्ये जड वस्तू खाली राहतात आणि वरच्या सपाट फळीवर बॅगा किंवा फ्रिज पट्ट्यांनी बांधता येतो. सुरक्षिततेचा मुद्दाही किरकोळ नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी धडकून ०.१ सेकंदात थांबली, तर सरासरी मंदन (वेग घटण्याचा दर) गुरुत्वाच्या सुमारे १४ पट होते, म्हणजे मागे सैल पडलेली ५ किलोची अवजारांची पेटी ७० किलो वजनाच्या जोराने पुढे येऊ पाहते. अट एवढीच की ड्रॉवरचा सांगाडा गाडीच्या मूळ भार-कड्यांना (सामान बांधण्यासाठी डिकीत दिलेल्या कड्यांना) बोल्टने जखडलेला हवा. पोलादी जोड-ड्रॉवरचे रिकामे वजनच ५० किलोंच्या पुढे जाऊ शकते आणि तिसरी रांग सहसा गमवावी लागते. त्यामुळे सात जणांच्या प्रवासासाठी हा पर्याय बादच समजावा.

मागचे कॅरियर चिखलाने माखलेल्या, ओल्या किंवा वास मारणाऱ्या सामानासाठी उत्तम, कारण ते आत येतच नाही आणि चढवायला खांद्यापर्यंत उचलावे लागत नाही. परंतु हा भार मागच्या चाकांच्याही पलीकडे लोंबकळतो. चाकांमधले अंतर २.८ मीटर असलेल्या गाडीत मागच्या आसापासून (चाकांना जोडणाऱ्या अक्षापासून) १.२ मीटर मागे ८० किलो टांगले, तर मागच्या आसावर सुमारे ११४ किलोंचा भार वाढतो आणि पुढच्या आसावरचा ३४ किलोंनी हलका होतो. शिवाय डिकीचे दार, नंबरप्लेट, दिवे आणि सेन्सर झाकले जाण्याची शक्यता असते, आणि तीव्र चढाच्या तळाशी कॅरियर जमिनीला घासते.

आसनांमागचे कप्पे आणि आसनांखालचे चपटे डबे यांचा उपयोग प्रथमोपचार, टॉर्च, दोर अशा किरकोळ वस्तूंपुरताच; पण त्यासाठी काहीही गमवावे लागत नाही, तेव्हा ते आधी भरावेत. बाजूच्या खिडक्यांवर जाळी-पॅनेल लावताना मात्र चालकाची नजर अडणार नाही, हे पाहावे.

निवड करायचीच झाली, तर सातही आसने लागणाऱ्याने टपाची पेटी घ्यावी आणि तिच्यात फक्त हलके सामान भरावे. चौघे किंवा कमी जण नेहमी साहित्यासह फिरत असतील तर ड्रॉवर बसवावेत. वर्षातून एक-दोनदाच जास्त सामान न्यायचे असेल तर तिसरी रांग दुमडून, जड पेट्या मधल्या रांगेच्या पाठीला चिकटवून पट्ट्यांनी बांधाव्यात आणि काहीच विकत घेऊ नये. कोणताही मार्ग निवडला, तरी पूर्ण सामान भरून एकदा वजनकाट्यावर दोन्ही आसांचे वजन वेगवेगळे मोजावे आणि टायरची हवा चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर पूर्ण भारासाठी दिलेल्या आकड्याइतकी करावी.