जिम गॅफिगन यांचा ‘नोबल एप’: कुजबुजत्या आवाजातली श्रद्धा

अमेरिकेतील विनोदवीर जिम गॅफिगन यांचा ‘नोबल एप’ हा २०१८ सालचा एकपात्री कार्यक्रम मी नुकताच तिसऱ्यांदा पाहिला. पहिल्या वेळी तो आजारपण आणि दवाखाना यांवरचा कार्यक्रम वाटला होता. या खेपेस मात्र त्यातला प्रत्येक विनोद एका कॅथलिक माणसाच्या सवयीतून आलेला आहे हे जाणवत गेले, आणि म्हणूनच त्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले.

कार्यक्रमामागची घटना खरी आहे. गॅफिगन यांच्या पत्नी जीनी या त्यांच्या सहलेखिकाही आहेत, आणि दोघांना पाच मुले आहेत. २०१७ साली जीनी यांच्या मेंदूत नासपतीएवढी गाठ सापडली. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, परंतु पाठोपाठ न्यूमोनिया झाला आणि बरेच दिवस त्यांना तोंडावाटे काहीही घेता येईना. ज्या माणसाची कीर्ती ‘हॉट पॉकेट्स’ नावाच्या तयार खाण्यावरील विनोदांमुळे झाली, त्याच्या घरात हे घडले. इतक्या जवळचे आणि इतके भयंकर दुःख घेऊन रंगमंचावर उभे राहायचे, लोकांना हसवायचे आणि तरीही त्या दुःखाचा बाजार मांडायचा नाही, हे काम किती अवघड आहे याची कल्पना रुग्णाच्या उशाशी बसलेल्या कोणालाही येईल.

गॅफिगन यांची सर्वांत ओळखीची लकब म्हणजे मधूनच काढलेला बारीक, कुजबुजता आवाज. एखादा विनोद सांगून झाला की ते तोंड किंचित मिटून घेतात आणि सभागृहात बसलेल्या एखाद्या नाराज प्रेक्षकाच्या सुरात स्वतःलाच बोल लावतात: हा अजून खाण्यावरच बोलतोय का, याला लाज कशी वाटत नाही, अशा धाटणीचे. बहुतेक समीक्षक याला केवळ एक युक्ती मानतात. वसईत वाढलेल्या माझ्यासारख्या प्रेक्षकाला मात्र त्यात पापनिवेदनाची जाळी दिसते. शनिवारी संध्याकाळी चर्चमध्ये रांगेत उभे राहायचे, लाकडी फळीवर गुडघे टेकायचे आणि जाळीपलीकडच्या फादरांना ऐकू जाईल, पण मागच्या माणसाला ऐकू जाणार नाही, एवढ्याच आवाजात आपले चुकलेले सांगायचे, हे ज्याने लहानपणापासून केले आहे त्याला तो आवाज परका वाटत नाही. तो सदसद्विवेकबुद्धीचा आवाज आहे. खादाडपणा आणि आळस ही गॅफिगन यांच्या विनोदाची दोन कायमची क्षेत्रे आहेत, आणि ख्रिस्ती परंपरेने मोजलेल्या सात प्रमुख पापांत ती दोन्ही येतात. शिव्या आणि अश्लीलता टाळणारे म्हणून त्यांना ‘स्वच्छ’ विनोदवीर असे लेबल लावले जाते, पण मला ते अपुरे वाटते. शब्द स्वच्छ ठेवणे तुलनेने सोपे असते. बोट आधी स्वतःकडे वळवणे कठीण असते, आणि ते वळण त्यांच्या श्रद्धेतून आलेले आहे, असे माझे ठाम मत आहे.

ते कधीही प्रवचन करत नाहीत, हेही महत्त्वाचे आहे. २००६ सालच्या ‘बियाँड द पेल’ या कार्यक्रमात त्यांनी येशूविषयी बोलायला येणाऱ्या अनोळखी माणसाचा विषय काढला होता. असा माणूस समोर आला की कोणीही अस्वस्थ होतो, इतके की खुद्द पोपना जरी कोणी असे गाठले तरी तेसुद्धा कामाचा विषय कामाच्या ठिकाणीच राहू दे असे म्हणून त्याला दूर सारतील, असा त्या विनोदाचा आशय आहे. श्रद्धेबाहेरच्या माणसाने हाच विनोद केला असता तर तो टोमणा झाला असता. इथे तो घरातल्या माणसाने घरच्यांविषयी केलेला आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंचे लोक एकत्र हसतात. पुढे २०१५ साली फिलाडेल्फियात पोप फ्रान्सिस यांच्या उपस्थितीत झालेल्या कुटुंबमेळाव्यात गॅफिगन यांनी कार्यक्रम केला, आणि २०२४ च्या जूनमध्ये पोपनी व्हॅटिकनमध्ये बोलावलेल्या शंभरहून अधिक विनोदवीरांत तेही होते.

‘नोबल एप’मध्ये ही सगळी सवय कसाला लागते. गाठीचा आकार सांगताना डॉक्टर नेहमी फळांचीच उपमा का देतात, या साध्या प्रश्नावर ते रेंगाळतात, आणि सभागृह हसत असतानाच आपल्याला कळते की हा माणूस तो शब्द प्रथम ऐकला त्या खोलीत पुन्हा जाऊन आला आहे. पत्नीच्या धैर्याचे ते गोडवे गात नाहीत. तिच्यावाचून आपण पाच मुलांचा बाप म्हणून किती निरुपयोगी ठरलो असतो, हे सांगतात. स्वतःचे उणेपण उघडे करून दुसऱ्याचे मोठेपण दाखवण्याची ही रीत मला अत्यंत हृद्य वाटली.

उणिवाही आहेत. आजारपणाबाहेरचे काही भाग नेहमीच्या साच्यातले आहेत, आणि त्यांमुळे मुख्य विषयाचा ताण सैल होतो. त्याहून मोठी खंत अशी की, दवाखान्यातल्या त्या दिवसांत प्रार्थना कशी झाली, किंवा झालीच नाही, याविषयी आणखी ऐकायला मिळायला हवे होते. श्रद्धेची चेष्टा इतक्या मोकळेपणाने करणारा माणूस तिच्या कसोटीच्या क्षणी थोडा हात आखडता घेतो. कदाचित ते संकोचाने असेल आणि त्याचा मी आदर करतो, तरीही ती जागा रिकामी राहिल्यासारखी वाटते.

इंग्रजी कानावर असलेल्या कोणालाही हा कार्यक्रम घरच्यांसोबत बसून निःसंकोच पाहता येईल. कुटुंबातले मोठे आजारपण नुकतेच पार पडले असेल त्यांनी थोडे दिवस जाऊ द्यावेत आणि मग जरूर पाहावा. पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी: कार्यक्रमाचे दिग्दर्शन जीनी यांनीच केले आहे. त्यामुळे नवरा त्यांच्या गाठीवर विनोद करतो तेव्हा कॅमेरा त्याच्याकडे ज्या नजरेने पाहतो, ती नजर त्यांची स्वतःची आहे.