निरामय आरोग्य विमा योजना: सव्वा वर्षाच्या वापरानंतर

आमचा मुलगा दोन वर्षे दहा महिन्यांचा असताना पुण्यातील बालविकासतज्ज्ञ डॉक्टरांनी स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) निदान केले आणि आठवड्यातून तीनदा ऑक्युपेशनल थेरपी (रोजच्या क्रिया स्वतः करायला शिकवणारा उपचार) व दोनदा स्पीच थेरपी लिहून दिली. आम्ही पश्चिम महाराष्ट्रातील एका जिल्ह्याच्या गावी राहतो. येथे पाऊण तासाच्या एका सेशनचे पाचशे रुपये पडतात, म्हणजे महिन्याला सुमारे दहा हजार आणि वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास. घराचा हप्ता भरणाऱ्या एकट्या पगारावर हे चार महिन्यांच्या वर चालणार नव्हते. माझ्या कार्यालयाच्या सामूहिक मेडिक्लेममध्ये विचारणा केली, तेव्हा रुग्णालयात दाखल न होता घेतलेली थेरपी त्यात बसत नाही, असे एका ओळीचे उत्तर आले. त्यानंतर, जानेवारी २०२४ मध्ये, आम्ही केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत मुलाचे नाव नोंदवले. मार्च २०२५ अखेरपर्यंतचा अनुभव येथे लिहीत आहे.

राष्ट्रीय न्यास हा १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेला असून स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चारच प्रकारांसाठी तो काम करतो. निरामयचा लाभही त्यांनाच मिळतो. दारिद्र्यरेषेवरील कुटुंबाला नोंदणीसाठी ५०० रुपये आणि पुढे दरवर्षी नूतनीकरणासाठी २५० रुपये भरावे लागतात. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी हे दर अनुक्रमे २५० आणि ५० रुपये आहेत. आधी वैद्यकीय तपासणी करावी लागत नाही, आणि आधीपासून असलेल्या आजाराची सबब सांगून कोणी नाकारत नाही. खाजगी विम्याच्या दारातून परतलेल्या आईवडिलांना यातील दुसऱ्या गोष्टीचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

खरी मेहनत नोंदणीच्या आधी करावी लागते, कारण अपंगत्वाचे प्रमाणपत्र असल्याशिवाय अर्जच करता येत नाही. त्यासाठी सिव्हिलमध्ये, म्हणजे जिल्हा सरकारी रुग्णालयात, ठरलेल्या वारी जाऊन क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून स्वमग्नता मोजण्याच्या ‘इसा’ (ISAA) या भारतीय मापनश्रेणीवर मूल्यमापन करून घ्यावे लागते. त्यात चाळीस बाबी असतात आणि अनेक प्रश्नांची उत्तरे आईवडिलांनाच द्यावी लागतात. आपले मूल किती वेळा नजर देत नाही, किती वेळा हाक मारूनही वळत नाही, हे परक्या खोलीत बसून आकड्यांत सांगताना माझ्या पत्नीचा आवाज दोनदा बसला. आम्हाला तीन खेपा पडल्या आणि त्यासाठी माझ्या तीन रजा गेल्या. मूल लहान असल्याने मिळालेले प्रमाणपत्र तात्पुरत्या मुदतीचे आहे, त्यामुळे हे सगळे पुन्हा एकदा करायचे आहे.

आता पैशांविषयी. निरामयच्या माहितीपत्रकात एक लाख रुपयांचे संरक्षण असे ठळक लिहिलेले असते आणि बहुतेक पालक तेवढेच वाचून आनंदित होतात; आम्हीही झालो होतो. प्रत्यक्षात हा लाख वेगवेगळ्या कप्प्यांत विभागलेला आहे. त्यातील सर्वांत मोठा कप्पा रुग्णालयात दाखल होण्याचा आणि शस्त्रक्रियेचा आहे, ज्याची स्वमग्न मुलाला सहसा गरज पडत नाही. बाह्यरुग्ण तपासणी व औषधे, पर्यायी उपचार आणि प्रवासखर्च यांचे वेगळे कप्पे आहेत. आपल्याला ज्यासाठी योजना हवी असते त्या नियमित थेरपीच्या वाट्याला या लाखाचा लहानसा भाग येतो. आमच्या मूळच्या वेळापत्रकाप्रमाणे तो फार तर दोन महिने पुरला असता.

दुसरी बाब तारखांची. पॉलिसीचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असे ठरलेले आहे, तुम्ही नाव केव्हाही नोंदवा. आम्ही जानेवारीत पाचशे रुपये भरले आणि अडीच महिन्यांत वर्ष संपलेसुद्धा. ज्यांचे प्रमाणपत्र हिवाळ्यात हाती येईल, त्यांनी हा हिशेब करूनच पुढे जावे.

दावा परताव्याच्या स्वरूपाचा आहे: आधी खिशातून पैसे द्यायचे, मग मूळ बिले, डॉक्टरांची चिठ्ठी, प्रमाणपत्राची प्रत आणि रद्द केलेला धनादेश जोडून उपचारानंतर तीस दिवसांच्या आत कागद पाठवायचे. आमचा पहिला दावा परत आला. थेरपी केंद्राने महिन्याभराचे एकच बिल, ‘थेरपी फी’ एवढ्या दोन शब्दांत फाडून दिले होते. त्यावर सेशनच्या तारखा नव्हत्या, थेरपिस्टचा नोंदणी क्रमांकही नव्हता. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ऑक्युपेशनल थेरपीचा स्पष्ट उल्लेख आहे की नाही, हे मीही पाहिले नव्हते. दुरुस्त कागद गोळा होईपर्यंत मार्च उलटून गेला आणि ते पैसे बुडाले. त्यानंतर केंद्रात बसून मी स्वतःच बिलाचा नमुना करून दिला: तारीख, थेरपीचा प्रकार, प्रत्येक सेशनची रक्कम, सही आणि नोंदणी क्रमांक. येथे एक बारकावा आहे. स्पीच थेरपिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, तर ऑक्युपेशनल थेरपिस्टची महाराष्ट्राच्या वेगळ्या राज्य परिषदेकडे. त्यामुळे दोघांकडून एकाच प्रकारचा क्रमांक मागत बसू नये. शिवाय ‘आम्ही सगळे करतो’ म्हणणाऱ्या केंद्रात प्रत्यक्ष मुलासमोर कोण बसते, हेही नोंदणी क्रमांक विचारल्यावर कळते.

एप्रिल आणि मे २०२४ चे दोन दावे मंजूर होऊन ७,६०० रुपये खात्यात आले. जूनचे कागद आमच्याच दिरंगाईने तीस दिवसांच्या पुढे गेले, आणि त्यानंतर सासऱ्यांच्या आजारपणात आम्ही पाठपुरावाच सोडला. साडेसातशे रुपये भरून ७,६०० मिळाले, म्हणजे व्यवहार तोट्याचा नाही. पण वर्षाच्या सव्वा लाखापुढे ही रक्कम किती, हे वेगळे सांगायला नको.

त्याच वर्षी याहून दुप्पट पैसे वाचले ते प्राप्तिकराच्या कलम ८० डीडीमुळे, ज्याचे नावही मला कार्यालयातील लेखापालाने सांगेपर्यंत ठाऊक नव्हते. चाळीस टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या अवलंबित व्यक्तीसाठी ७५,००० रुपयांची, आणि ऐंशी टक्के वा अधिक असल्यास १,२५,००० रुपयांची ठोक वजावट मिळते. तेवढा खर्च झाल्याची बिले द्यावी लागत नाहीत. स्वमग्नतेसाठी मात्र १०-आयए हा फॉर्म भरून घ्यावा लागला. वीस टक्क्यांच्या टप्प्यात असल्याने २०२४-२५ साठी माझा कर १५,६०० रुपयांनी कमी झाला. ही वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते. गृहकर्जाच्या व्याजामुळे आम्हाला ती प्रणाली परवडत होती. परंतु २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नसल्याने आमच्यासारख्यांना या कलमाचा उपयोग उरलेला नाही.

मग खर्च आटोक्यात आला कशामुळे? मुख्यतः सेशन कमी केल्यामुळे, आणि ते आम्ही घाबरत घाबरत केले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत सेवा मिळते, हे आम्हाला सिव्हिलमधल्या एका परिचारिकेने सांगितले. गर्दीमुळे आठवड्याला एकच वेळ मिळते आणि तिच्यासाठीही दीड महिना थांबावे लागले. मात्र तेथील थेरपिस्टबाई पत्नीला शेजारी बसवूनच काम करतात. मुलाने पाण्याचा पेला मागण्यासाठी बोट दाखवेपर्यंत थांबायचे कसे, अंघोळीच्या वेळी क्रिया ठरलेल्या क्रमाने कशा करायच्या, हे पत्नी तेथे शिकली. खाजगी केंद्रात आम्ही इतके महिने काचेबाहेरच्या बाकावर बसून होतो. आम्हालाही आत बसू द्यावे, अशी मागणी तेथे केली. आधी नापसंती दिसली, मग परवानगी मिळाली. आता तेथे आठवड्याला दोनच सेशन आहेत, महिन्याचा खर्च सुमारे चार हजार आहे, आणि ‘पाणी’, ‘दे’, ‘आजी’ हे शब्द याच काळात आले आहेत. आमच्या मुलाला हे लागू पडले म्हणून सर्वांनी सेशन कमी करावेत, असे माझे म्हणणे नाही. ज्याला अधिक आधाराची गरज आहे, त्याच्यासाठी हा निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

निरामय घ्यावी का, असे कोणी विचारले तर घ्यावी असेच मी सांगेन. मात्र महिन्याचे अंदाजपत्रक ती नाहीच असे समजून मांडावे. येत्या वर्षाच्या नूतनीकरणाचे २५० रुपये भरले आहेत, आणि यापुढे बिल महिन्याच्या पंचवीस तारखेलाच मागायचे, असे पत्नीने फ्रिजवरच्या दिनदर्शिकेत लाल शाईने लिहून ठेवले आहे.